ओस घरांतील भांग

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं बदरीनारायणाची यात्रा केली असेल. हृषीकेश सोडल्यावर देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग हीं स्थळें मागें टाकीत सुमारें १७० किलोमीटरांवर कर्णप्रयाग लागतें. तेथें पिंडर नदी अलकनंदेस मिळते. यात्रेकरू संगमाला हात जोडतात आणि त्यांची गाडी अलकनंदेच्या कांठानें वर निघून जाते. आम्हींही पूर्वीं दोन वेळां असेंच केलें होतें. गेल्या कार्तिकांत मात्र कर्णप्रयागास आम्हीं यात्रेचा रस्ता सोडला आणि आदिबदरी, गैरसैण करीत राणीखेतकडे जाणारी वाट धरली. देवदर्शन हा या वेळच्या प्रवासाचा हेतु नव्हता. आम्ही निघालों होतों रानटी भांग पाहावयास!

हें वाक्य वाचून कित्येक वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हें आम्ही जाणून आहोंत. ‘भांग’ म्हटली कीं जटाधारी बैरागी, शिवरात्रीचा घोटा आणि वर्तमानपत्रांतील पोलिसी छाप्यांच्या बातम्या, यांपलीकडे आपल्या डोळ्यांपुढें कांहीं येत नाहीं. आम्हां पतिपत्नींचीही स्थिति याहून निराळी नव्हती. परंतु आमचे एक स्नेही पुण्यास एका महाविद्यालयांत तीस वर्षें वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहेत. त्या तीस वर्षांत भांगेचें झाड त्यांनीं विद्यार्थ्यांस दाखविलें, तें कागदावर चिकटविलेलें, वाळून कोळ झालेलें. “ज्याचें माहेर हिमालय म्हणून मी मुलांना सांगत आलों, तें झाड त्याच्या माहेरीं एकदां तरी पाहिलें पाहिजे,” असें ते नेहमीं म्हणत. शेवटीं एके दिवशीं ते घरीं येऊन आमच्या सौभाग्यवतीस म्हणाले, “वहिनी, आपण दोघेंही बरोबर चला, म्हणजे एकटा म्हातारा भांगेच्या शोधांत डोंगर हिंडतो असें तरी कोणी म्हणणार नाहीं!” अशा रीतीनें आम्ही तिघें निघालों.

येथें प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे दोरांसाठीं लावतात तो ताग, आणि जिची भाजी आपण खातों ती अंबाडी, या दोन्ही वनस्पति भांगेहून अगदीं वेगळ्या. ताग हा कडधान्यांच्या कुळांतला व अंबाडी जास्वंदीच्या कुळांतली. भांगेच्या झाडापासूनही उत्तम वाख निघतो, म्हणून इंग्रजींत या सर्वांना सरसकट एकच नांव पडलें, आणि तेथून गोंधळ सुरू झाला. आपल्या पूर्वजांस मात्र हा भेद ठाऊक होता. पाणिनीनें तीळ, उडीद व अळशी यांच्या शेतांसाठीं जसे शब्द साधून दिले, तसेच भांगेच्या शेतासाठींही ‘भङ्ग्य’ आणि ‘भाङ्गीन’ असे शब्द दिले आहेत. म्हणजे त्या काळीं भांग हें रानांत आपोआप उगवणारें झुडूप नसून शेतांत पेरण्याचें पीक होतें. युरोपांत लिनिअसनें या झाडास १७५३ सालीं शास्त्रीय नांव दिलें. पुढें १७८५ सालीं लामार्क या फ्रेंच पंडितानें हिंदुस्थानांतून आलेले नमुने पाहून त्यांची ‘इंडिका’ ही निराळी जात ठरविली. आपल्या वेरुळाचाही या झाडाशीं संबंध आहे. तेथील लेण्यांच्या गिलाव्यांत भांगेचें काड मिसळलेलें आहे, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दाखवून देण्यांत आलें. अजिंठ्याच्या गिलाव्यांत तें सांपडत नाहीं. वेरुळाचा गिलावा किडीपासून बचावला त्याचें श्रेय अभ्यासकांनीं या काडास दिलें आहे. अशा झाडाला केवळ कैफाचें साधन समजणें हा त्याच्यावर अन्यायच नव्हे काय?

आतां ‘रानटी’ या शब्दाविषयीं. १८९३-९४ सालीं सरकारनें भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठीं एक मोठें मंडळ नेमलें होतें. काश्मीरपासून आसामपर्यंत हिमालयाच्या कडेकडेनें हें झाड आपोआप उगवतें, अशी नोंद त्या मंडळाच्या अहवालांत आहे. पण आपोआप उगवणारें प्रत्येक झाड मूळचेंच रानटी असतें असें नाहीं. तें कधीं काळीं शेतांतून पळालेलेंही असूं शकेल. हा भेद ओळखावा कसा? प्राध्यापकमहाशयांनीं प्रवासांतच आम्हांस त्याची शिकवण दिली. रानांतल्या झाडाचें बीं बारीक असतें, पिकतांच गळून पडतें, त्याच्या अंगावर मातींत दिसूं नये असे ठिपके असतात, आणि तें सगळें एकाच वेळीं रुजत नाहीं. कांहीं यंदा, तर कांहीं पुढील वर्षीं. घरचें बीं याच्या उलट. तें मोठें, कणसाला धरून राहणारें आणि पेरल्याबरोबर एकदम रुजणारें असतें. १९७६ सालीं स्मॉल व क्रॉन्क्विस्ट या दोन शास्त्रज्ञांनीं याकरितां ३.८ मिलिमीटरांची सीमा घातली. त्याहून आंखूड तें रानाचें, त्याहून लांब तें घरचें. प्राध्यापकांच्या खिशांत माप घेण्याचें एक लहानसें पितळी यंत्र होतें. तेंच आमच्या मोहिमेचें एकमेव हत्यार!

कर्णप्रयागाहून वीस किलोमीटरांच्या आंत आदिबदरी आहे. वाटेंत चांदपूर गढीचे भग्नावशेष लागतात. गढवालच्या राजांची ही जुनी गादी. आदिबदरीस एकाच लहानशा आवारांत पूर्वीं सोळा देवळें होतीं, त्यांतील चौदा उरलीं आहेत. मुख्य देवळांत विष्णूची काळ्या पाषाणाची मूर्ति आहे. दर्शन घेऊन बाहेर आलों तों आवाराच्या मागल्या उतारावर प्राध्यापक एकाएकीं थबकले. पुरुषभर उंचीचीं, हाताच्या बोटांसारखीं पसरलेल्या पानांचीं झाडें तेथें दाटीनें उभीं होतीं. नर झाडें कधींच वाळून गेलीं होतीं. मादी झाडें दाण्यांनीं वांकलीं होतीं, आणि चिमण्यांचा एक थवा त्यांवर तुटून पडला होता. तीस वर्षें कागदावर पाहिलेलें झाड समोर उभें असतांना हा वृद्ध गृहस्थ कांहीं वेळ बोललाच नाहीं. मग त्यांनीं जमिनीवर गळलेले चार दाणे उचलून मापले आणि म्हणाले, “तीन मिलिमीटर. रानाचें.” त्यांचा स्वर एखाद्याला गोत्र सांपडावें तसा होता!

त्यांनीं फुलोऱ्यास हात लावला नाहीं, आणि आम्हांसही लावूं दिला नाहीं. १९८५ च्या कायद्याप्रमाणें फुलोरा म्हणजे गांजा व त्याचा चीक म्हणजे चरस. दोन्ही जवळ बाळगणें हा गुन्हा आहे. नुसतें बीं व नुसतें पान यांस ती व्याख्या लागू नाहीं. ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहीत आहोंत. कारण हिमालयांत कांहीं ठिकाणीं याच चिकाच्या लोभानें देशोदेशींचे तरुण येऊन राहतात, आणि त्यांच्या मागोमाग तेथील गांवांची शांति जाते. त्याच कारणासाठीं यापुढें ज्या गांवाची हकीकत सांगावयाची आहे त्याचें नांव आम्ही देणार नाहीं. तें आदिबदरीहून चढणीच्या वाटेनें अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे, एवढें पुरे.

त्या गांवीं आम्हांस घेऊन जाणारा तरुण तेथलाच. दुरून पाहिलें तेव्हां गांव मोठें नांदतें वाटलें. डोंगराच्या कुशींत पायऱ्यापायऱ्यांचीं शेतें, पठाल म्हणजे पातळ दगडी फरशांनीं छावलेलीं दुमजली घरें, प्रत्येक घराला नक्षीचें लांकडी दार. जवळ जाऊन पाहतों तों बहुतेक दारांना कुलुपें, आणि ज्यांना कुलुपें नव्हतीं त्यांना दारेंच नव्हतीं! बावीस घरांपैकीं तीन घरांत चूल पेटत होती. आमचा वाटाड्या सहज म्हणाला, “शाळा बंद झाली, मग लोक राहून काय करणार?” उत्तराखंड राज्यानें स्थलांतराच्या चौकशीसाठीं नेमलेल्या आयोगानें २०१८ सालच्या अहवालांत २०११ नंतर पूर्ण ओस पडलेल्या ७३४ गांवांची संख्या दिली आहे. हा आंकडा आम्हीं घरीं बसून वाचला होता. त्यांतील एक होऊं घातलेलें गांव आतां डोळ्यांपुढें होतें.

आणि त्या ओस घरांत भांग होती. पडलेल्या गोठ्यांत, अंगणांत, छप्पर कोसळलेल्या माजघरांत, जेथें म्हणून पूर्वीं माणसांचा व गुरांचा वावर होता, तेथें तेथें ती माथ्याएवढी वाढलेली. एका घरांत तर चुलीच्या जागीं झाड उभें होतें. शेजारच्या डोंगरउतारावर, देवदारांच्या खालीं, एकही झाड नव्हतें! हें पाहून आमच्या सौभाग्यवतीनें विचारलें, “रानांतलें झाड म्हणतां, मग तें रानांत कां नाहीं?” प्राध्यापक हंसले व म्हणाले, “वहिनी, तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानें मला हा प्रश्न विचारला नाहीं.” मग त्यांनीं सांगितलें, तें असें. या झाडाची भूक मोठी. त्याला शेणखताची, राखेची, उकिरड्याची जमीन हवी. ती माणसाच्या दाराशींच मिळते. म्हणून तें हजारों वर्षें माणसाच्या पाठोपाठ फिरत आलें आहे. पहाडी लोकही तें मुद्दाम घराजवळच्या कसदार तुकड्यांत पेरीत.

आम्हांस त्या वेळीं एक जुनी गोष्ट आठवली. एकोणिसाव्या शतकांत गढवालांत काम केलेल्या इंग्रज अंमलदारांच्या लिखाणांत अशी नोंद आहे कीं, येथील ब्राह्मण व रजपूत भांगेची लागवड कमीपणाची मानीत. तिचा वाख काढणें, त्याचें जाडेंभरडें कापड व पोतीं विणणें हें काम ज्यांना खालचे म्हणत त्यांच्याकडे असे. आणि भांडणांत एकमेकांच्या घरांत भांग पेरली जावो, असा शाप देण्याचा प्रघात होता. ज्या झाडानें अंगावर वस्त्र, बैलांना दोर आणि पानांत चटणी दिली, तेंच शापांत वापरलें जावें, हा उच्चवर्णीयांच्या अहंकाराचा एक नमुनाच म्हणावयाचा. आपणही त्याच पंक्तींतले, हें आम्हांस तेथें उभें असतांना जाणवल्यावांचून राहिलें नाहीं.

आमचा मुक्काम उरलेल्या तीन घरांपैकीं एकांत झाला. घरांत एक ऐंशीच्या घरांतल्या बाई, एक गाय व दोन शेळ्या. दोन्ही मुलगे सहकुटुंब मैदानांतल्या शहरांत. सर्वजण त्यांना ‘दादी’ म्हणत, आम्हींही म्हणूं लागलों. रात्रीं त्यांनीं मंडव्याच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्या, भाकऱ्या केल्या, आणि बरोबर एक करडी चटणी वाढली. भाजलेले दाणे पाट्यावर वाटून त्यांत जिरें, हिरवी मिरची, मीठ व डोंगरी लिंबाचा रस घातलेला. चव खसखस व तीळ यांच्या मधली. आम्हीं दुसऱ्यांदा मागून घेतली, तेव्हां प्राध्यापक मिस्किलपणें म्हणाले, “शापच खाल्लात!” ती भांगेच्या बियांची चटणी होती. या बियांत कैफ नसतो. २०२१ सालीं सरकारच्या अन्नसुरक्षा खात्यानेंही त्यांस खाद्य म्हणून मान्यता दिली आहे. पहाडांतील स्त्रियांना त्याकरितां सरकारी कागदाची गरज कधींच नव्हती.

प्राध्यापकांनीं ते दाणे पाहावयास मागितले. दादींनीं आढ्याला टांगलेला एक वाळका तुंबा खालीं काढला व मूठभर बीं त्यांच्या हातावर ओतलें. कंदिलाच्या उजेडांत त्यांनीं एकेक दाणा मापला. साडेचार, पावणेपांच, एक तर पांच मिलिमीटर! टपोरे, गुळगुळीत, ठिपके पुसट झालेले. हें घरचें बीं होतें. सासूकडून दादींना आलेलें, सासूला तिच्या सासूकडून. दरसाल गोठ्यामागच्या वाफ्यांत पेरून, उत्तम कणसें निवडून पुढच्या सालासाठीं ठेवलेलें.

“यंदाही पेरलें होतें काय, दादी?” आम्हीं विचारलें.

“नाहीं, बेटा. चार वर्षें झालीं. माकडें, रानडुकरें, आणि अंगांत बळ नाहीं. मुलगाही म्हणतो, परवाना लागतो, पोलीस येतील, उगाच कशाला? हें शेवटचें उरलें आहे. चटणीपुरतें.”

मुलाचें म्हणणें खोटें नव्हतें. वाख व बीं यांच्यासाठीं सरकारच्या परवानगीनें भांग लावतां येते, आणि उत्तराखंडानें २०१८ सालीं असे परवाने देण्यास प्रथम सुरुवात केली. परंतु त्यांत अट अशी कीं, झाडांतील कैफी द्रव्य शेंकडा ०.३ पेक्षां अधिक असतां कामा नये. डोंगरांतील देशी वाण बहुधा ही मर्यादा ओलांडतें. म्हणजे परवान्याच्या शेतांत बाहेरून आणलेलें सौम्य बीं पेरावयाचें. भांगेचा पराग वाऱ्यावर कित्येक कोस जातो; तेव्हां बाहेरचें व येथलें यांचा संकर होणार, हेंही ओघानेंच आलें. व्यसनाला आळा घालणें अवश्य आहे, त्याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. तरुण मुलांची धूळधाण आम्हीं पाहिली आहे. परंतु ज्या कायद्याचा रोख चिकावर आहे, त्याच्या भीतीनें चटणीचें बीं बुडावें, ही गोष्ट मनाला बोचल्यावांचून राहात नाहीं.

चार दिवस आम्ही तेथें राहिलों. पहिल्याच रात्रीं दादींनीं, बीं अजून जिवंत आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं, वीस दाणे ओल्या फडक्यांत बांधून चुलीच्या कडेला ठेवले होते. दिवसा आम्ही ओस घरांतून हिंडून गळलेले दाणे मापीत असूं. प्राध्यापकांनीं वहींत घरवार आंकडे मांडले, आणि तिसऱ्या दिवशीं ती वही आमच्यापुढें ठेवली. तीसएक वर्षांपूर्वीं ओस पडलेल्या घरांतले दाणे बारीक, तीन-सव्वातीन मिलिमीटरांचे. दहा वर्षांपूर्वीं बंद झालेल्या घरांत लहानमोठे मिसळलेले. आणि दादींच्या शेजारचें घर, जें पांच वर्षांपूर्वीं बंद झालें, त्याच्या अंगणांत अजून टपोरे दाणे! “थोड्या झाडांवरून शास्त्र उभारतां येत नाहीं,” प्राध्यापक म्हणाले, “आणि वाऱ्यानें कोठला पराग कोठें नेला तेंही सांगतां येत नाहीं. पण माझी समजूत विचाराल तर ही रानटी भांग नव्हे. ही पोरकी भांग आहे.”

त्यांचें म्हणणें निराधार नव्हतें. २०२१ सालीं देशोदेशींच्या ११० वाणांच्या आनुवंशिक द्रव्याचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा कीं, हें झाड सुमारें १२,००० वर्षांपूर्वीं पूर्व आशियांत माणसाच्या हातीं आलें. त्याचे मूळचे शुद्ध रानटी पूर्वज बहुधा नामशेष झाले असावेत, आणि आज जीं ‘रानटी’ म्हणून दिसतात, तीं शेतांतून सुटून पुन्हां रानटी बनलेलीं होत. प्राध्यापकांनीं हा निबंध वाचला होता. तरीही हिमालयाच्या एखाद्या कोपऱ्यांत मूळ पुरुष सांपडेल, अशी अंधुक आशा धरून ते आले होते. “माहेर पाहावयास आलों,” ते म्हणाले, “आणि पाहिलें काय, तर माणसें निघून गेल्यावर मागें राहिलेलें लेंकरूं.”

चौथ्या दिवशीं सकाळीं दादींनीं फडकें सोडलें. वीस दाण्यांतून तिघांना कोंब फुटले होते. प्राध्यापकांनीं हिशेब सांगितला. अशा सांठवणींत हें बीं फार वर्षें तग धरीत नाहीं. आणखी दोन पावसाळ्यांनीं त्यांतला एकही दाणा रुजणार नाहीं. तुंब्यांत फक्त चटणी उरेल. दादींनीं शांतपणें ऐकून घेतलें व विचारलें, “मग गुरुजी, काय करूं?”

तीस वर्षें प्रश्नांचीं उत्तरें देणाऱ्या माणसाला या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. पेरा म्हणावें तर कायदा आडवा. नका म्हणावें तर बीं जातें. अखेर बियाणें जतन करणाऱ्या सरकारी केंद्राकडे रीतसर अर्ज करावयाचें ठरलें. अर्ज त्यांनीं तेथेंच बसून लिहिला आणि दादींनीं त्यावर आंगठा उठविला. तुंबा मात्र दादींजवळच राहिला. निघतांना त्यांनीं मूठभर दाणे आमच्या सौभाग्यवतीच्या पदरांत घालण्यास हात पुढें केला, पण प्राध्यापक म्हणाले, “दादी, आतां चटणीलासुद्धां नको. एकेक दाणा ठेवा.” दादींनीं तो परत तुंब्यांत ओतला.

निरोप घेतांना आम्हांस राहवलें नाहीं. त्या जुन्या शापाविषयीं आम्हीं विचारलें. दादी हंसल्या. ओस घरांकडे हात करून म्हणाल्या, “ऐकलें आहे. पण बेटा, भांग येऊन लोक गेले असें नाहीं. लोक गेले, मग भांग आली. तिनें कोणाला घालविलें नाहीं. ती बिचारी घर राखते आहे.”

पुण्यास परत येऊन आतां तीन महिने झाले. अर्जाचें उत्तर यावयाचें आहे. प्राध्यापक दर आठवड्यास चौकशी करतात, कारण बियांची पेरणी तेथें वैशाख-ज्येष्ठांत होते आणि दिवस थोडे उरले आहेत. आमच्या स्वतःच्या मनाला मात्र दुसरीच एक गोष्ट लागून राहिली आहे. रत्नागिरी जिल्ह्यांत आमचें वाडवडिलांचें घर आहे. वडील वारल्यापासून, म्हणजे नऊ वर्षें, त्याला कुलूप आहे. किल्ली येथें देवघराच्या फडताळांत असते. आई दरसाल ज्या वालांचें बीं राखेंत घोळून मडक्यांत भरून ठेवीत असे, तें मडकें त्या घरांत कोठें आहे, हें आम्हां भावंडांपैकीं एकालाही सांगतां आलें नाहीं. अंगणांत काय उगवलें असेल, तें आम्हांस ठाऊक नाहीं.

परवां किल्ली शोधून काढली. गंजली होती, तिला तेल दिलें. होळीला कोंकणांत जाण्याचें ठरविलें आहे.